सही नको, घंटी नको

६ मार्च

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे शुकशुकाट. म्हणून हा कागद. तो तू नक्की वाचशील, कारण न वाचता फाडायची तुझी सवय नाही. आधी वाचतेस, मग फाडतेस.

माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. कामाचं आहे.

आपलं एक पार्सल गेलं. 'आपलं' म्हणतेय, कारण तू विगचं काम सोडून चष्म्याच्या दुकानात जाऊन बसलीस तरी कुरिअरकडचं खातं अजून आपल्या दोघींच्या नावावर आहे. ते तू बदलून घेतलं नाहीस, मीही नाही, आणि आता तिथेच घोडं अडलंय.

विग मास्तरीणबाईंचा होता. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. आजारपणात त्यांचे सगळे केस गेले. उपचार आता संपलेत आणि पंधरा एप्रिलला शाळेत परत रुजू व्हायचंय. मला म्हणाल्या, पोरं फळ्याकडे बघणारच नाहीत, माझ्या डोक्याकडे बघतील. नवरा दूर नोकरीला, घरात सासू आणि त्या. सासूला विगबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. केसांवर एवढा खर्च केला हे सांगायची लाज वाटत होती, आणि वर अशी हौसही होती की एक दिवस घालूनच त्यांच्यासमोर उभं राहावं. सगळे खरे केस, खांद्याच्या खालपर्यंत, एकेक केस जाळीत हाताने गाठवलेला. थंडीभर माझ्या हातात दुसरं काही नव्हतं.

खोकं नेहमीसारखंच गेलं. वर दुकानाचं नाव नाही, आत काय आहे त्या जागी 'कापडी वस्तू', आणि आईच्या काळापासूनच्या त्या दोन खुणा: सही नको, घंटी नको. नाक मुरडू नकोस. दारात 'काय आलं हो' विचारणारे शेजारी आपल्या गिऱ्हाइकांना नको असतात, हे तुलाही ठाऊक आहे. आपल्या त्या कुरिअरवाल्या लंबूने खोकं पायपुसण्यावर ठेवलं, फोटो काढला आणि गेला. मास्तरीणबाई दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा पायपुसणं रिकामं होतं.

त्यांचं म्हणणं, मी पैसे भरले, वस्तू मिळाली नाही. बरोबर आहे. कुरिअरच्या साहेबांचं म्हणणं, वस्तू दारात पोचली, हा फोटो, पुढचं आमच्याकडे नाही. कागदावर तेही बरोबर आहे. भरपाईचं विचारलं तर म्हणाले, कापड लिहिलंय तर कापडाएवढी मिळेल. थोडक्यात सगळे बरोबर आणि बुडाले मी.

मग साहेबांनी आवाज खाली आणला. एक वाट आहे म्हणाले. माल त्यांच्याच माणसाने उचलला असेल तर कंपनी बिलाप्रमाणे सगळं भरून देते. तुमच्या खोक्यात काय असतं हे बाहेरच्यांना कळत नाही ना, मग कळतं कुणाला, असं विचारलं आणि पेन बंद-उघड करत बसले. ते फक्त लंबूला कळतं, हे मी तिथे बोलले नाही, पण त्यांना ते समजलं.

सोबत तक्रारीचा कागद आहे. खातं दोघींचं म्हणून सह्याही दोघींच्या लागतात. पेन्सिलने फुली मारलीय तिथे सही कर आणि परत पाठव. नाही केलीस तर नवा विग माझ्या पदरचा. एवढे केस पुन्हा घेतले की या महिन्यात कारखान्याचं भाडं निघणार नाही. तुला घाबरवायला लिहीत नाहीये. बरं, थोडं त्यासाठीही लिहितेय.

ताई


९ मार्च

धाकटे,

कागद आला नाही. बहुतेक तू हातात धरून बसली असशील आणि लंबूची बाजू मांडणारी वाक्यं जुळवत असशील. तुझ्या आधी मीच मांडते. आई आजारी असताना लिफ्ट बंद होती, तेव्हा याच माणसाने तिला पाठुंगळी घेऊन खाली उतरवलं. मला आठवतं. पुढे छत्री धरून मी चालत होते, तू नव्हतीस.

काल तो आला होता. त्याच्या ऑफिसात कुजबुज सुरू झालीय, त्यामुळे त्याला सगळं कळलंय. दारातल्या चौकटीला डोकं आपटू नये म्हणून वाकून आला आणि वाकलेलाच राहिला. नेहमीसारखा मांडणीवरचा त्याचा कानतुटका कप घेतला नाही. मी चहा ओतायला गेले तर नको म्हणाला.

मी विचारलं, तू ठेवलंस, मग गेलं कुठे? तर त्याने उत्तर काय द्यावं! म्हणाला, दुपारी त्याच इमारतीत दुसरं पार्सल द्यायला गेलो तर जिन्यात तुमच्या कारखान्यासारखा वास येत होता. आता माझ्या कारखान्याला कसला वास आहे? विचारलं तर म्हणाला, तुमचा तो रोजचा, मला नाव नाही सांगता येत. मी म्हटलं, वासावरून चोर पकडतात का?  जाताना आणखी एक सांगून गेला, की त्या दिवसापासून बाईंच्या सासूबाई दारात स्टूल टाकून बसतात, हातात काठी, आणि कुणाला खाली काही ठेवू देत नाहीत. आता दारातून वस्तू गेल्यावर म्हातारी दार राखणारच, त्यात नवल काय?

उलट मला वाटलं, हा विषय बदलतोय. खरं सांगायचं तर मला तसं वाटायला हवं होतं. तो चोर निघाला तर माझं सगळं सोपं होतं.

मास्तरीणबाईंचा रोज फोन येतो. ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर मी चार शब्द सुनावले असते. त्या फक्त विचारतात, काही कळलं का.

सही पाठव. साहेबांनी शुक्रवारची मुदत दिलीय.

ताई


१४ मार्च

धाकटे,

पोचलं तुझं पाकीट. तक्रारीच्या कागदाचे दोन तुकडे आणि मागे एकच ओळ: 'आपण केस विकतो की चोरीचा माल, हे आधी ठरव.'

हेच वाक्य जाताना दारात बोलली होतीस. दोन वर्षांत नवीन सुचलं नाही वाटतं. खोक्यावर नाव लिहा, किंमत लिहा, सही घ्या, हा तुझा हेका होता. मी म्हणत होते, आपल्याकडे येणारी बाई आधीच आरशाला तोंड दाखवत नाही, तिला आणखी उघडं पाडू नये. आईही हेच म्हणायची. तू म्हणालीस, आई लपवायची कारण तिला स्वतःलाच लाज वाटायची. तिला जाऊन महिनाही झाला नव्हता आणि तू हे बोललीस. माझ्या मनातून ते गेलेलं नाही, जाणारही नाही.

असो. तक्रार गेली. कशी गेली ते विचारू नकोस. नवा कागद आणला आणि शुक्रवारी दिला, एवढंच.

लंबूला घरी बसवलंय, चौकशी होईपर्यंत. आज सकाळी आला होता, युनिफॉर्मशिवाय. साध्या शर्टात तो आणखीच उंच दिसतो. मला वाटलं आता बोलेल, भांडेल. मी तयार होते. तो सरळ मांडणीपाशी गेला, कप घेतला, रुमालात गुंडाळला आणि निघाला. उंबऱ्याशी वाकायला विसरला. डोकं चांगलंच आपटलं, आवाज मला आत ऐकू आला.

तेव्हापासून हातात काम धरवत नाहीये. तुला बरं वाटेल म्हणून सांगतेय असं समजू नकोस. सांगायला दुसरं कुणी नाही म्हणून सांगतेय.

ताई


१८ मार्च

धाकटे,

हे पत्र फाडायचं असेल तर आधी शेवटपर्यंत वाच.

काल व्यापाऱ्याकडून केसांचा नवा जुडगा आला. नेहमीप्रमाणे मी एक केस ओढला आणि काडीवर धरला. खरा केस चुरचुरत जळतो आणि खोटा वितळून गोळी होतो, हे तुला सांगायला नको. नेमकी त्याच वेळी एक नवीन बाई चौकशीला आली. दारातच तिने पदर नाकाला लावला आणि म्हणाली, काय हो जळतंय इथे, केवढा वास येतोय. मी म्हटलं, कसला वास? आणि काडी माझ्या हातातच राहिली.

मला तो वास येतच नाही गं. इतकी वर्षं नाकात मुरलाय. लंबूला येतो. तो बिचारा खरंच वासाचं सांगत होता.

त्या बाईला मी बसा म्हटलं की जा म्हटलं, आठवत नाही. कुलूप लावलं आणि मास्तरीणबाईंच्या घरी गेले.

जिन्याच्या वरच्या टोकाला सासूबाई स्टुलावर बसलेल्या, काठी मांडीवर आडवी. कुणाकडे, म्हणाल्या. सुनेकडे म्हटलं. त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं आणि ती बाहेरच ठेवायला सांगितली. आत बसवलं, पण नजर पिशवीवर. सून झोपलीय, हळू बोला, म्हणाल्या. मास्तरीणबाईंनी मला बजावलं होतं की घरी कधी आलात तर कापडाच्या दुकानातून आलेय म्हणा. तो शब्द ओठापर्यंत आला होता. आई असती तर तिने तेच म्हटलं असतं आणि चांगल्या कापडाच्या चार गोष्टी सांगून परत आली असती.

मी म्हटलं, "आजी, त्या खोक्यात केस होते. तुमच्या सुनेसाठी मी विग केला होता."

त्यांनी विकतचे का, असं विचारलं. मी हो म्हटलं. मग काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाल्या, "मी जाळले ते."

सकाळी सून दवाखान्यात गेल्यावर कचरा ठेवायला दार उघडलं तर खोकं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. घंटी वाजलेली नाही. जिन्यात कुणी नाही. उघडलं तर आत काळेभोर, लांब, बाईचे केस. घरात सून नुकती मरणाच्या दारातून परत आलेली. त्या मला म्हणाल्या, तुम्ही असतात तर काय समजला असतात? कुणीतरी करणी केली, पोरीच्या वाईटावर कुणीतरी टपलंय, असंच ना? चिमट्याने उचलून गच्चीत लोखंडी बादलीत टाकले आणि काडी लावली. सुनेला सांगितलं नाही, कारण ती आधीच धसकलेली. ती पार्सल हरवलं म्हणून रडत होती तेव्हा यांना वाटलं, कुठली साडीबिडी असेल. दोन्ही गोष्टी एकच आहेत हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही, कारण सुनेने तोंडातून कधी केस हा शब्द काढला नव्हता. तेव्हापासून पुन्हा कुणी काही ठेवू नये म्हणून स्टूल टाकून बसल्यात.

मी वर बघितलं तर मास्तरीणबाई आतल्या दारात उभ्या. झोपेतून उठून आल्या होत्या, स्कार्फ न बांधता. डोक्यावर नुसती करडी लव. सासूबाईंनी सुनेचं उघडं डोकं काल पहिल्यांदा पाहिलं असावं. त्या उठल्या आणि दोन्ही तळवे तिच्या डोक्यावर ठेवले.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "आई, मला वाटलं तुम्ही म्हणाल, केसांचं काय एवढं."

"म्हणाले असते," सासूबाई म्हणाल्या. "पण जाळले नसते."

मग दोघी रडल्या, आणि मध्येच मास्तरीणबाईंना जे हसू फुटलं ते थांबेना. मला तिथे बसवेना. पिशवी उचलली आणि जिन्यात येऊन पायरीवर बसले.

आता ते, जे मी मागच्या पत्रात विचारू नकोस म्हटलं होतं. सही मी केली. तुझी. तुझ्या जुन्या वाढदिवसाच्या कार्डावर बघून तीनदा गिरवली आणि चौथ्यांदा तक्रारीवर केली. आईला ज्याने पाठीवर घेतलं त्या माणसाला मी तुझ्या नावाने चोर ठरवलं. घाई होती, भाडं थकणार होतं, साहेब वाट बघत होते, ही सगळी कारणं माझ्याकडे आहेत आणि एकही तुला सांगावंसं वाटत नाही. उद्या कुरिअरच्या ऑफिसात जातेय.

ताई


२६ मार्च

धाकटे,

गेले होते. पार्सल पोचलं होतं, घरातल्याच माणसाच्या हाती पडलं, तक्रार मागे घेते, असं लिहून दिलं. खालची एक सही माझ्या बहिणीची नाही, हेही लिहून दिलं. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि पोलिसांचं नाव काढलं. मी म्हटलं बोलवा. मग त्यांच्याच लक्षात आलं की तक्रारीची वाट मला दाखवली कुणी. आपलं खातं बंद करायचं बोलले होते, पण केलेलं नाही. मला ताकीद मिळाली, लेखी. ती पाकिटात घालत नाही, तुला उगाच आनंद व्हायचा.

लंबूला परत घेतलंय. जुना भाग मात्र दुसऱ्याला देऊन झाला होता, म्हणून त्याला तुमच्या भागात टाकलंय. रोज दोन बस बदलून जातो. मी त्याच्या घरी गेले, माझी चूक झाली म्हटलं. तो बराच वेळ बुटाच्या नाड्या बांधत राहिला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही एकदा म्हणाला असतात ना, लंबू, तू घेतलंस का, तरी चाललं असतं." मी त्याला ते विचारलंच नव्हतं. गेलं कुठे, एवढंच विचारलं होतं. कप त्याने परत आणलेला नाही आणि आणेल असं मला वाटत नाही.

आता जबाबदारी कुणाची. मास्तरीणबाई म्हणाल्या, आमच्या घरात जळलं, आमचं नुकसान. सासूबाई हातातली बांगडी काढायला लागल्या. मी ती परत घालायला लावली. सासूबाईंनी काडी लावली खरी, पण बिननावाचे केस गुपचूप दारात ठेवून जायची रीत आपली. तो विग आपल्या त्या दोन खुणांनी जाळला. हे तू दोन वर्षांपूर्वी सांगत होतीस, इतक्या वाईट शब्दांत सांगत होतीस की ऐकवत नव्हतं, तरी सांगत होतीस. आईबद्दल बोललीस ते मात्र मी अजून मान्य करत नाही. त्यावर आपण समोरासमोर भांडू.

नवा विग माझ्या पदरचा. कारखान्याची जागा सोडली. टेबल, साचे, मांडणी, सगळं घरी आणलं. तुझी खुर्चीही आणली, ती कुणी नेईना.

मागची बाजू झालीय. दिवसरात्र बसतेय, मास्तरीणबाईंच्या सासूबाई येऊन केस विंचरून जुळवून देतात. चिमटा वापरू नका म्हटलं की हसतात. पण कपाळाची ओळ माझ्याने होत नाही. चष्मा लावूनही जाळीची भोकं एकमेकांत मिसळतात. जाड गाठ पडली की लांबून कळतं, विग आहे म्हणून. ती ओळ आईनंतर फक्त तुलाच येते. पंधरा एप्रिलला त्या वर्गात पोरं फळ्याकडे बघतील की नाही, हे त्या चार बोटांच्या ओळीवर आहे. मी दुसरी कुणी शोधली नाही. शोधली असती तरी मिळाली नसती.

उद्या खोकं निघेल. आत जाळी, केस, आईची आकडीवाली सुई. तुमच्याकडे लंबूच घेऊन येईल. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: 'आत माणसाचे केस आहेत.' खाली किंमत, खरी. त्याखाली माझं नाव आणि पत्ता. आणि त्या दोन चौकटी मी पहिल्यांदाच वेगळ्या भरल्या: घंटी वाजवावी, सही घ्यावी.

तेव्हा तो घंटी वाजवेल आणि तू उघडेपर्यंत तिथेच उभा राहील. पायपुसण्यावर ठेवून, फोटो काढून जाणार नाही. तुमच्या दाराची चौकट बुटकी आहे म्हणे. त्याला आत घे, वाकायची आठवण कर, चहा दे.

सही मात्र तुझी तू कर. मला ती नीट जमत नाही.

ताई